पहिला टॅरँट्युला: कुठली जात, कसली पेटी, आणि महिनाभर पुण्याला गेल्यावर त्याचं काय?

लेस्टरकर

नमस्कार मंडळी. टॅरँट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळायचं पक्कं झालं आहे. पैसे घालवण्याआधी इथल्या जाणत्यांना विचारून घ्यावं म्हणून हा धागा.

मुक्काम इंग्लंडात, लेस्टरला. भाड्याचा फ्लॅट आहे, घरमालकाची लेखी परवानगी घेतली आहे. हिवाळ्यात खोलीत दिवसा 20-21 अंश असतं, रात्री हीटिंग बंद झालं की 17 पर्यंत उतरतं. काचेची एक वापरलेली पेटी स्वस्तात मिळाली: 45 × 45 सेंमीचा तळ, 60 सेंमी उंची, वर तारेच्या जाळीचं झाकण.

1. यादीत तीन जाती आहेत: मेक्सिकन रेड नी, ग्रीन बॉटल ब्लू, आणि रंगामुळे ओबीटी (ऑरेंज बबून टॅरँट्युला). पहिल्यांदा पाळणाऱ्याने कुठली घ्यावी?
2. अगदी लहान पिल्लू घ्यावं की वाढलेली मादी?
3. ही पेटी चालेल का? दुकानदार म्हणतो की तळाखाली हीट मॅट हवीच. एका माहितीपत्रकात आर्द्रता 70 टक्के ठेवा असं लिहिलंय. ती कशी टिकवायची?
4. दर डिसेंबरात चार आठवडे पुण्याला जाणं होतं. तेव्हा काय करायचं?
5. आंबोलीला झाडांच्या ढोल्यांत मोठे केसाळ कोळी दिसतात. तेही टॅरँट्युलाच ना? ते पाळता येतात का?

आठपायी (ब्रिस्टल)

ओबीटी आधी यादीतून काढा. टेरिनोकिलस म्युरिनस हा आफ्रिकेतला कोळी आहे. टॅरँट्युलांचे ढोबळ दोन गट पडतात. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक जातींच्या पोटावर खाजकुयलीसारखे केस असतात. त्रास झाला की त्या मागच्या पायांनी ते केस उडवतात, चावणं हा त्यांचा शेवटचा उपाय असतो. आशिया-आफ्रिकेतल्या जातींकडे ते केस नाहीत, म्हणून त्या थेट अंगावर येतात. त्यांचा वेगही इतका असतो की झाकण उघडल्यावर कोळी तुमच्या कोपरापर्यंत पोचतो तेव्हा तो हलल्याचं कळतं. टॅरँट्युलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही, पण या गटातल्या काही जाती चावल्या तर स्नायूंत असे गोळे येतात की ते काही दिवस, कधी काही आठवडे पुन्हा पुन्हा उठतात. पाच-सहा अमेरिकी कोळी दोन-तीन वर्षं नीट सांभाळून झाले की मग या गटाचा विचार करा.

उरलेल्या दोन्ही चांगल्या आहेत. पण तुमच्या यादीत नसलेली एक जात पहिल्या खरेदीसाठी मी त्यांच्याही वर ठेवेन: कर्ली हेअर, म्हणजे ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस. मूळ मध्य अमेरिकेतली. पिल्लं स्वस्त असतात, खातात भरपूर, माती थोडी ओली राहिली तरी चालते आणि थोडी सुकली तरी चालते. म्हणजे नवख्याच्या दोन्ही प्रकारच्या चुका तिला सोसतात. तिच्या जोडीला ग्रॅमोस्टोला पुल्क्रिपेस, म्हणजे चाको गोल्डन नी. शांत आणि अंगाने मोठी, पाय पसरून 18 सेंमीपर्यंत जाते.

रेड नी दिसायला देखणी, पण वाढ अतिशय सावकाश. पिल्लू मोठं व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. मादी वीस वर्षांहून जास्त जगते, त्यामुळे घेताना तेवढी तयारी मनात असू द्या. नावाची एक गंमतही लक्षात ठेवा: आज जिला ब्रॅकिपेल्मा हमोरी म्हणतात ती पूर्वी कित्येक वर्षं स्मिथी या नावाने विकली जात होती, आणि जुन्या याद्यांत अजून तोच घोळ सापडतो. ब्रॅकिपेल्मा वंश साइटिसच्या, म्हणजे संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे आणि कर्ली हेअरही पूर्वी त्याच वंशात धरली जायची. त्यामुळे पिल्लू बंदिवासात जन्मलेलं आहे असं लिहिलेलं बिल विक्रेत्याकडून मागून घ्या आणि जपून ठेवा. परवाना मात्र लागत नाही. ब्रिटनच्या 1976 च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याच्या यादीत काही विषारी कोळी आहेत, टॅरँट्युला नाहीत.

ग्रीन बॉटल ब्लू व्हेनेझुएलाच्या पाराग्वाना द्वीपकल्पातली, कोरड्या झुडपी भागातली. जाळं भरपूर विणते, खायला कधी नाही म्हणत नाही. पण चपळ आहे आणि केस उडवायला जराही वेळ लावत नाही. दुसरी म्हणून घ्या.

पिल्लू की मोठी? मधला मार्ग घ्या: पाय पसरून 4-5 सेंमीचं अर्धवट वाढलेलं कोळी-पोर. एक सेंमीचं पिल्लू दोन दिवसांच्या दुर्लक्षाने सुकून मरतं. मोठी, खात्रीची मादी महाग पडते, आणि कोळ्याची वाढ बघण्यातला आनंदही जातो. लिंग माहीत नसलेलं पोर नर निघायची शक्यता निम्मी असते आणि नर वयात आल्यावर बहुधा वर्षभरातच संपतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता पेटी. ती विकून टाका. जमिनीवर राहणाऱ्या टॅरँट्युलाला उंची घातक ठरते. पोटाची कातडी पातळ असते, भरलेल्या पोटाने कोळी काचेवरून 30-40 सेंमी खाली पडला तर पोट फुटतं आणि बहुतेक वेळा वाचत नाही. मातीचा पृष्ठभाग ते झाकण हे अंतर कोळ्याच्या पसरलेल्या पायांच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. तुमच्या पेटीत हे साधायचं तर 40 सेंमी माती भरावी लागेल, म्हणजे 81 लिटर. ओली झाली की ती तुमच्या शेल्फला झेपणार नाही आणि पुढचं दारही मातीखाली जाईल.

जाळीचं झाकण ही दुसरी अडचण. कोळ्याच्या पायाच्या टोकाला बारीक नख्या असतात. झाकणाला उलटा लटकला की त्या तारेत अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय तुटतो, नाहीतर कोळी खाली आपटतो. पुढे कधी अशा झाकणाची दुसरी पेटी घेतलीत तर जाळी काढून त्या जागी 3-4 मिमी जाड अ‍ॅक्रिलिकचा पत्रा बसवा आणि त्याला भोकं पाडा. भोक कोळ्याच्या पाठीवरच्या कडक कवचापेक्षा लहान हवं. पोट दबून आत जातं पण कवच दबत नाही, त्यामुळे कवच गेलं की पूर्ण कोळी गेला.

4-5 सेंमीच्या पोराला 15 × 15 × 15 सेंमीचा झाकणाचा पारदर्शक प्लास्टिक डबा पुरतो. समोरासमोरच्या दोन बाजूंना 2-3 मिमीची पंधरा-वीस भोकं, एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे हवा आरपार खेळते. नुसती झाकणाला भोकं पाडली तर आतली हवा कोंडते. मोठं झाल्यावर 30 × 30 × 30 ची पेटी आयुष्यभर पुरेल.

माती: साठ टक्के साधी टॉपसॉइल, चाळीस टक्के कोकोपीट. टॉपसॉइलच्या पिशवीवर खत, परलाइट किंवा कीडनाशक असं काही छापलेलं असेल तर घेऊ नका. नुसतं कोकोपीट वापरलं तर सुकल्यावर भुसभुशीत होतं, बीळ ढासळतं आणि कोळी त्यावर पाय ठेवायला नाखूश असतो, कडेच्या काचेलाच चिकटून बसतो. 650 ग्रॅमची वीट पाण्यात फुलून 8-9 लिटर होते. 30 × 30 च्या पेटीत 15 सेंमी थर म्हणजे साडेतेरा लिटर, तेव्हा एक वीट अधिक आठेक लिटर टॉपसॉइल घेतली की थोडी उरेल. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी निथळू नये, इतपत ओलसर करा. थर भरताना तळहाताने दर चार-पाच सेंमीला घट्ट दाबा. त्यावर कॉर्कच्या सालीचा अर्धगोल तुकडा अर्धा गाडून खाली बोटाने बिळाची सुरुवात करून द्या. एका कोपऱ्यात पाण्याची उथळ वाटी. वाटीत स्पंज किंवा जेल ठेवायचं नाही. स्पंजात फक्त घाण साठते, कोळी उघड्या पाण्यातून व्यवस्थित पितो.

दिवा नको. झाडं शोभेसाठी हवीत तर प्लास्टिकची. टोकदार दगड, निवडुंग, कडक कडांचं काहीही आत नको.

लेस्टरकर

मनापासून आभार. कर्ली हेअर नक्की केली. पेटीचा पुढचा खर्च वाचला. हीट मॅट आणि 70 टक्क्यांचं मात्र अजून कळलं नाही. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) आणून ठेवलाय.

रातकिडा (स्टुटगार्ट)

हायग्रोमीटर परत करता आला तर करा. त्या टक्क्यांच्या मागे लागून जितके कोळी मेले आहेत तितके दुर्लक्षाने मेले नसतील. लोक रोज फवारा मारतात, हवा बाहेर जाऊ नये म्हणून भोकं बुजवतात, आणि मग कोंदट ओल्या डब्यात बुरशी, माइट्स आणि शेवटी मेलेला कोळी. टॅरँट्युलाच्या पोटाखाली फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात, वहीच्या पानांसारख्या थरांच्या. त्यांना मोकळी हवा हवी. ओल मातीत असावी, हवेत नव्हे.

कर्ली हेअरसाठी करायचं इतकंच: पेटीच्या एका कोपऱ्यात, कडेने, मातीच्या खालच्या थरापर्यंत पोचेल असं पाणी ओता आणि वरचा थर सुकू द्या. पोराच्या डब्यात 20-30 मिली, दहा-बारा दिवसांनी एकदा. काचेतून मातीचा खालचा भाग गडद दिसतोय तोवर पुन्हा ओतायचं नाही. कोळी स्वतः ओल्या-कोरड्यातली जागा निवडतो आणि तो कुठे बसतो यावरून तुम्हाला सगळं कळतं. सारखा पाण्याच्या वाटीवर बसला असेल तर माती फार सुकली आहे. सारखा भिंतीवर चढून बसला असेल तर माती फार ओली आहे. मात्र नव्या पेटीत पहिला आठवडाभर सगळेच भिंतीवर बसतात, तेव्हा लगेच घाबरू नका.

ग्रीन बॉटल ब्लू घ्याल तेव्हा हेही करू नका. तिला वाटीतलं पाणी आणि पूर्ण कोरडी माती. अगदी छोट्या पिल्लांचा नियम वेगळा: त्यांच्या कातडीवर पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर अजून नीट झालेला नसतो, म्हणून जात कुठलीही असो, त्यांच्या डब्यात एक कोपरा कायम ओलसर हवा.

हीट मॅट तळाखाली लावायचीच नाही. जमिनीवरचा कोळी उकाडा टाळायला खाली खणत जातो, कारण निसर्गात खोल गेलं की गार लागतं. तुमच्या पेटीत खोल गेलं की तापलेली काच लागेल. तो आणखी खणेल, तिथेच बसेल आणि सुकेल. तुमचं 20-21 आणि रात्रीचं 17 मोठ्या कोळ्याला सहज चालतं, फक्त भूक आणि वाढ मंदावते. आठवडेच्या आठवडे 17 च्या खाली राहणार असेल तरच उष्णता द्या. तीही अशी: बंद कपाटाच्या मागच्या भिंतीला मॅट, थर्मोस्टॅट 24 वर, त्याचा सेन्सर कपाटातल्या हवेत, आणि पेट्या मॅटपासून हातभर लांब. पेटी तापवायची नाही, कपाट तापवायचं. रेडिएटरच्या वरचं शेल्फ आणि खिडकीचं ऊन या दोन्ही जागा टाळा.

खाणं. इंग्लंडात रातकिडे, टोळ, मिलवर्म आणि डुबिया झुरळं सगळं मिळतं. भक्ष्य कोळ्याच्या पोटाच्या लांबीपेक्षा मोठं नको. छोट्या पिल्लाला आठवड्यातून दोनदा, तुमच्या पोराला आठवड्यातून एकदा, मोठ्या मादीला दहा-पंधरा दिवसांतून एकदा. अगदी छोट्या पिल्लाला जिवंत किडा आवरत नसेल तर रातकिड्याची तंगडी तोडून जवळ ठेवा, मेलेलंही खातात. मिलवर्म देताना त्याचं डोकं चिमट्याने चेचून द्या. नाहीतर तो मातीत शिरतो, खाली भुंगा होतो आणि कात टाकताना असहाय पडलेल्या कोळ्याला कुरतडतो. रातकिडाही तेच करतो. चोवीस तासांत खाल्लं नाही तर भक्ष्य बाहेर काढा, हा नियम कधी मोडू नका. खाऊन झाल्यावर उरलेला चोथ्याचा गोळाही दुसऱ्या दिवशी उचला, बुरशी आणि बारीक माश्या त्याच्यावरच येतात.

बागेतले किडे पकडून घालू नका. त्यांच्या अंगावर कसलं औषध आहे ते कळत नाही. आणि कीडनाशकाचा विषय निघालाच आहे तर: डास मारायच्या कॉइल, प्लगमधलं लिक्विड, झुरळांचे स्प्रे, कुत्र्या-मांजराच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध, हे सगळं कोळ्यालाही मारतं. कोळी अडखळत, थरथरत, पाय वेडेवाकडे टाकत चालू लागला तर पहिला संशय याचा घ्या. मांजराला औषध लावलेल्या हाताने पेटी उघडायची नाही, आधी साबणाने हात धुवा. धूप-उदबत्तीचा धूरही त्या खोलीत नको.

आता कात, कारण सगळ्यात जास्त घाबरगुंडी तिथे उडते. आधी कोळी खाणं सोडतो. पोट ताणलेलं, चकचकीत दिसतं. केस उडवून पडलेल्या टकलाची गुलाबी-भुरकी कातडी काळी पडते, कारण खालचे नवे केस दिसू लागतात. काही जण बिळाचं तोंड मातीने बंद करून महिना-दोन महिने दिसतही नाहीत. उकरून बघायचं नाही. वाटीत पाणी भरत राहा, भक्ष्य टाकू नका. मग एके दिवशी कोळी पाठीवर उताणा पडलेला दिसेल. तो मेलेला नाही, कात टाकतोय. छोट्याला अर्धा तास लागतो, मोठ्या मादीला कित्येक तास. हात लावायचा नाही, पाणी शिंपडायचं नाही, पेटी हलवायची नाही.

मरणारा कोळी उताणा पडत नाही. तो सरळ असतो आणि आठही पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले जातात. कारण असं की कोळ्याच्या पायात मुख्य सांधे वाकवायला स्नायू आहेत, सरळ करायला नाहीत. पाय अंगातल्या द्रवाच्या दाबाने सरळ होतात. अंगातलं पाणी आटलं की दाब जातो आणि पाय मिटतात. पाय नुसते अर्धे आत ओढलेले दिसले तर लगेच उथळ वाटीच्या काठावर त्याला असं ठेवा की तोंड पाण्याला टेकेल आणि पोट बाहेर राहील. निव्वळ पाण्याअभावी झालेलं असेल तर काही तासांत फरक दिसतो.

कात टाकल्यावर सुळे पांढरे असतात, मग लाल होतात, मग काळे. काळे होईपर्यंत खाणं नाही. छोट्या पिल्लाला चार-पाच दिवस, तुमच्या पोराला आठवडा, मोठ्या मादीला दोन आठवडे थांबा. त्याआधी टणक किडा दिला तर मऊ सुळा मोडू शकतो.

सह्यकडा (कोल्हापूर)

पाचव्या प्रश्नाचं उत्तर. आंबोलीत ढोलीतून रात्री बाहेर येणारे मोठे करडे, नक्षीदार कोळी हे बहुधा पोइसिलोथेरिया रिगॅलिस. होय, टॅरँट्युलाच. पण वर आठपायींनी ज्या चाव्याबद्दल लिहिलंय तो याच वंशाचा. सगळा पोइसिलोथेरिया वंश 2019 पासून साइटिसच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. जंगलातून उचलणं, सोबत इंग्लंडला नेणं, दोन्ही गुन्हे. कुणी गावातून पकडून विकत असेल तर घेऊ नका, आणि अशा जागेचा नेमका पत्ता फोटोसोबत इंटरनेटवर टाकूही नका. या जाती जुन्या झाडांच्या ढोल्यांवर अवलंबून असतात. एका ढोलीतली मादी गेली तर तिथली पुढची पिढीच जाते.

निळ्या पोइसिलोथेरिया मेटॅलिकाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. 1899 मध्ये पोकॉकने आंध्रातल्या गुटीच्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. मग ती शंभर वर्षं कुणाला दिसली नाही आणि 2001 मध्ये नंद्याल-गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा सापडली. आज युरोपात तिची बंदिवासातली पिल्लं सहज विकत मिळतात, आणि तिचं मूळ जंगल इतकं थोडं उरलंय की आययूसीएन या निसर्ग-संवर्धन संघटनेच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त आहे. पेटीत शेकडो असल्याने जंगलातली एकही वाढत नाही.

भारतात राहून हा छंद करू पाहणाऱ्या वाचकांसाठी: वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने साइटिसमधले प्राणी त्या कायद्याच्या अनुसूची चारमध्ये घेतले. 2024 च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश 2.0 पोर्टलवर नोंद करायची असते, प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर घेऊ नका. लेस्टरकर, तुम्हाला आंबोलीचे कोळी आवडत असतील तर पावसाळ्यात रात्री लाल प्रकाशाचा टॉर्च घेऊन बघा. ढोलीत काडी घालून बाहेर काढू नका, ढोलीच्या तोंडाशी बसलेला कोळी दहा मिनिटं शांत उभं राहिलं तर पुरेपूर दिसतो.

आठपायी (ब्रिस्टल)

सह्यकडांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन.

केसांबद्दल मी वर घाईत लिहिलं, ते पुरं करतो, कारण या छंदात माणसाला खरी इजा होते ती इथे. कातडीवर पडले तर खाज सुटते, लाल पुरळ उठतं, दोन-चार दिवसांत जातं. पडल्या पडल्या चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग साबण आणि गार पाणी. डोळ्यात गेले तर वेगळी गोष्ट. केसांना उलट्या काट्या असतात, ते बुबुळाच्या पडद्यात आत आत सरकतात आणि घरी धुऊन निघत नाहीत. 2009 मध्ये लीड्समध्ये चिली रोज जातीच्या कोळ्याची पेटी साफ करताना एकाच्या डोळ्यात असे केस गेले होते. कित्येक आठवडे डोळा लाल राहिला, शेवटी डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली ते केस दिसले, आणि ते इतके बारीक की चिमट्याने काढता येईनात. ही नोंद "द लॅन्सेट"मध्ये छापून आली आहे. तेव्हा पेटीवर तोंड आणून वाकायचं नाही, माती बदलताना चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे घालायचे, जुनी कातही हातमोज्यानेच उचलायची, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचे नाहीत. डोळ्यात गेलेच तर न चोळता नेत्रतज्ज्ञाकडे, आणि "कोळ्याचे केस आहेत" हे त्यांना स्वतःहून सांगा. नाहीतर साधे डोळे आले समजून औषध देतात.

हातावर घेण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: घेऊ नका. कोळ्याला माया कळत नाही, त्याला हात म्हणजे हलणारी जमीन. दचकला की उडी मारतो, आणि पडण्याचं काय होतं ते वर आलंच आहे.

कोळी घरी आल्यावर डब्यातून पेटीत हलवायची रीत. बाथरूमचं दार लावा, बेसिनचं आणि टबचं भोक बुजवा, खिडकी बंद. टबात पेटी आणि डबा शेजारी ठेवा. लागणाऱ्या वस्तू: रंगाचा मऊ ब्रश, कोळ्याच्या दुप्पट मोठा पारदर्शक प्लास्टिकचा पेला, एक जाड कार्ड. डबा पेटीत आडवा ठेवून झाकण काढा आणि ब्रशने मागच्या पायांना अगदी हलकेच स्पर्श करा, तो स्वतः पुढे चालत जाईल. पुढच्या पायांना ब्रश लावला तर तो भक्ष्य समजून झडप घालतो किंवा उलटा वळतो. बाहेर निसटला तर पाठलाग करायचा नाही. थांबला की पेला वरून झाकायचा आणि खालून कार्ड सरकवायचं. हाताने पकडायचा प्रयत्न कधीच नको. नव्या घरात पहिले पाच-सात दिवस फक्त पाणी, मग खाणं.

पाय तुटला किंवा दुखावला आणि फिकट निळसर द्रव येऊ लागला तर मक्याचं पीठ, म्हणजे कॉर्नफ्लोअर, ब्रशने त्या जागी दाबून लावा. गळती थांबली की कोळी बहुतेक वेळा सावरतो, आणि पुढच्या एक-दोन कातींत पाय परत येतो. पोटाच्या जखमेला मात्र असा उपाय फारसा चालत नाही.

लेस्टरकर

सगळं वहीत उतरवून घेतलं. चाळीस टक्के कोकोपीटचं मिश्रण करून डबा तयार आहे, 5 सेंमीचं कर्ली हेअर पुढच्या आठवड्यात कुरिअरने येतंय. डिसेंबरचं मात्र राहिलं. नोव्हेंबरच्या शेवटी निघणार, परत यायला चार आठवडे.

रातकिडा (स्टुटगार्ट)

कुरिअर थंडीत येत असेल तर विक्रेत्याला हीट पॅक टाकायला सांगा आणि पार्सल सोमवारी-मंगळवारीच पाठवायला लावा, म्हणजे शनिवार-रविवार गोदामात पडून राहणार नाही. आल्यावर लगेच रेडिएटरजवळ ठेवू नका, खोलीत तासभर तसंच राहू द्या आणि मग उघडा.

चार आठवडे 5 सेंमीच्या पोराला उपास झेपतो, तहान झेपत नाही. निघायच्या दोन आठवडे आधी खाणं थोडं वाढवा, म्हणजे पोट पाठीच्या कवचाच्या साधारण दीडपट रुंद दिसेल. त्याहून फुगवू नका, फुगलेलं पोट जमिनीला घासतं आणि सहज फुटतं. शेवटचं खाणं निघायच्या आठवडाभर आधी, आणि निघताना आत एकही जिवंत किडा राहिलेला नाही याची खात्री करा. एकाऐवजी दोन वाट्या ठेवा, काठोकाठ भरून, एक कोरड्या बाजूला आणि एक ओल्या. खालचा थर नेहमीपेक्षा जरा जास्त भिजवा. घर रिकामं असताना हीटिंग पूर्ण बंद करू नका, थर्मोस्टॅट 17 वर ठेवा. गार असलं की पाणी कमी उडतं आणि कोळ्याची गरजही कमी होते, त्यामुळे तुमच्यासाठी ते सोयीचंच आहे.

तरी दोन आठवड्यांनी एकदा कुणीतरी येऊन वाट्या भरेल असं बघा. त्या माणसाला झाकण उघडायला लावू नका. झाकणाच्या एका भोकातून वाटीच्या बरोबर वर येईल अशी लांब नळीची पिचकारी द्या आणि वाटीच्या जागेसमोर डब्यावर बाहेरून मार्करने खूण करा. खाणं घालायचं नाही, हे त्याला लिहून द्या. आपुलकीने टाकलेला एक मोठा रातकिडा कात टाकणाऱ्या कोळ्याला मारायला पुरतो.

परत आल्यावर बिळाचं तोंड बंद दिसलं तर वाट्या भरा आणि सोडून द्या. कात बाहेर टाकलेली मिळाली तर फेकू नका. पोटाचा भाग सुरकुतून चिकटलेला असतो, त्यावर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून टाका, पाच मिनिटांनी दोन टाचण्यांनी आतल्या बाजूने उलगडा. फुप्फुसांचे चार पांढरे ठिपके दिसतील. वरच्या दोघांच्या मधल्या घडीत एखादी लहान पिशवी किंवा फडफडणारा पदर उभा राहिला तर मादी. तिथे सपाट असेल तर बहुधा नर, पण 5 सेंमीच्या कातीवरून नर म्हणून पक्कं करू नका, पुढच्या कातीला पुन्हा बघा. फोटो काढताना मागून प्रकाश द्या आणि इथे टाका.